नानांच्या नावे आलेलं टपाल

२०२३ च्या सप्टेंबरात मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्याला एकाएकी भाव आला. गावोगावच्या पेट्या उघडल्या, पिवळे पडलेले कागद उन्हात आले. अशा कागदांभोवती एक प्रश्न हमखास घुटमळतो : हे पेशव्यांचं पत्र तर नसेल? बहुतेक वेळा ते नसतं. वतनाचा तंटा, इनामाची सनद, सावकाराचा रोखा किंवा वाटणीपत्र निघतं, आणि घरच्यांच्या दृष्टीने तेच जास्त कामाचं असतं. पण पेशव्यांच्या कारभाऱ्यांना आलेली खरी पत्रं कशी होती, ती कोण लिहीत होतं आणि त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा, याबद्दल आपल्याकडे बरेच समज रूढ आहेत. त्यातले काही निरुपद्रवी आहेत, काहींमुळे इतिहास पार उलटा कळतो.

येरमाळ्यात बसून हा विषय काढायला कारण आहे. येरमाळा म्हटलं की लोकांना येडेश्वरी आणि चैत्री पौर्णिमेची यात्रा आठवते. पण अठराव्या शतकात हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि त्यावरच्या चौथाईचा हक्क मराठे सांगत होते. म्हणजे पुण्याच्या दृष्टीने इथून पुढे परराज्य. कळंबवरून वाहणाऱ्या मांजरेच्या काठाकाठाने १७९५ साली बीदरहून निजाम अलीची फौज वर सरकली आणि भूमच्या पलीकडे, खर्ड्याला, लढाई झाली. त्या फौजेच्या आधी कितीतरी महिने त्याच दिशेने पत्रं जात होती. ती हैदराबाद दरबारातले पेशव्यांचे वकील पुण्यातले कारभारी नाना फडणीस यांना लिहीत होते. त्या काळचा वकील म्हणजे आजचा राजदूत, आणि अर्धा हेरही.

‘मोडी ही गुप्त लिपी होती’

नव्हती. मोडी ही हात न उचलता भराभर लिहिण्याची रोजची लिपी होती. पेशव्यांचा कारकून, गावचा कुलकर्णी आणि पेठेतला वाणी, सगळे तीच लिहीत. शत्रूच्या दरबारातही मोडी वाचणारे कारकून होते. गुप्तता हवी असेल तर वेगळे उपाय होते : नावाऐवजी खुणेचे शब्द, किंवा वरकरणी साध्या पत्रासोबत वेगळी ‘पुरवणी’. मुख्य पत्र चारचौघांत वाचता येईल असं, आणि खरी गोष्ट पुरवणीत. पानिपतची बातमी देणारं सावकाराचं पत्र सगळ्यांना माहीत आहे. त्यात मोती आणि मोहरा यांच्या भाषेत माणसांची हानी सांगितली होती. पण ते वकिलाचं पत्रच नव्हतं. ते व्यापाऱ्याचं टपाल होतं आणि वाटेत पेशव्यांच्या हाती लागलं. पेशव्यांना पराभवाची खबर सावकाराच्या टपालातून कळावी, यातच त्या काळच्या बातमीदारीची गंमत आहे.

‘नानांना रोजच्या रोज सगळं कळत असे’

नाटक-कादंबऱ्यांनी नानांना भिंतीपलीकडचं ऐकणारा माणूस करून टाकलं. वस्तुस्थिती अधिक घामाची आहे. पत्र नेणारे जासूद बहुधा जोडीने निघत आणि पायी चालत. हैदराबाद ते पुणे आजच्या रस्त्याने साडेपाचशे किलोमीटरच्या पुढे भरतं. पावसाळ्यात भीमा-सीना भरून वाहत असल्या की नदीकाठी खोळंबा ठरलेला. म्हणजे पत्रात लिहिलेली ‘आजची’ बातमी नानांनी वाचली तेव्हा निदान आठवडाभर शिळी झालेली असे, आणि उत्तर परत पोहोचेपर्यंत दरबारातला वारा फिरलेला असे. म्हणून वकिलाला स्वतःच्या जबाबदारीवर बोलावं लागे, आणि नंतर आपण असं का बोललो याचा खुलासा पत्रात करावा लागे. वकिलांच्या पत्रांचा बराच मजकूर असल्या खुलाशांनी भरलेला आहे.

उरलेला मजकूर पैशांनी भरलेला आहे. दिल्लीला पिढ्यानपिढ्या वकिली करणाऱ्या हिंगणे घराण्याची पत्रं चाळली तर राजकारणाच्या शेजारीच खर्चाची ओढाताण आणि कर्जाची कुरकुर दिसते. बादशहाच्या दरबारात थाट राखायचा, नजराणे द्यायचे आणि पुण्याहून रक्कम वेळेवर यायची नाही. परगावी नोकरीवर पाठवलेल्या माणसाची ही तक्रार आजही फारशी बदललेली नाही.

‘नानांचा अपमान झाला म्हणून खर्ड्याची लढाई झाली’

ही गोष्ट आपल्या भागात फार आवडीने सांगतात. निजामाचा दिवाण मुशीर-उल्-मुल्क भर दरबारात पेशव्यांच्या वकिलांना म्हणाला की हिशेब समजवायला नानांनी स्वतः इथे यावं. वकील म्हणाले, त्यांना कामातून सवड कुठली? त्यावर, त्यांना कसं आणायचं ते आम्ही दाखवू, असं उत्तर मिळालं. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या आपल्या इतिहासात हा प्रसंग दिला आणि तिथून तो सगळीकडे गेला.

असं बोलणं झालं नसेल असं म्हणायचं कारण नाही. पण एका टोमण्यावर एवढ्या फौजा उभ्या राहत नाहीत. वाद होता चौथाई आणि सरदेशमुखीच्या कित्येक वर्षांच्या थकबाकीचा. गोविंदराव कृष्ण काळे आणि गोविंदराव पिंगळे हे वकील हैदराबादेत तीच आकडेमोड घेऊन बसले होते. एक बाजू म्हणे इतकी बाकी, दुसरी म्हणे उलट तुमच्याकडेच आमचं येणं. मधल्या काळात, १२ फेब्रुवारी १७९४ ला, पुण्याजवळ वानवडीला महादजी शिंदे वारले. मराठ्यांची फळी आता फुटेल असं हैदराबादला वाटणं स्वाभाविक होतं. त्यातच इंग्रजांशी १७९० पासूनचा तह हाताशी आहे, तेव्हा गरज पडली तर ते येतील, ही आशा. गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर यांनी तटस्थ राहायचं ठरवलं आणि ती आशा संपली.

इथे वकिलांच्या पत्रांचं खरं काम दिसतं. दरबारात कोण युद्धाच्या बाजूचा, निजामाच्या चाकरीतल्या रेमंडची कवायती पलटणं कुठवर सज्ज, इंग्रज वकिलाचा कल कुठे, ही माहिती नानांकडे जात राहिली. आणि बोलणी लांबत गेली तितका वेळ नानांना मिळाला. तेवढ्यात दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर, नागपूरकर भोसले, परशुरामभाऊ पटवर्धन हे सगळे एका मोहिमेत उभे राहिले. इतके सरदार एकत्र येण्याची ती शेवटचीच वेळ. ११ मार्च १७९५ ला लढाई झाली, निजामाने रातोरात खर्ड्याच्या गढीचा आसरा घेतला आणि दोन-तीन दिवसांत तहाची गोष्ट सुरू झाली. तहात तीन कोटी रुपये आणि दौलताबादेसह मुलूख ठरला, आणि मुशीर-उल्-मुल्कला मराठ्यांच्या ताब्यात द्यावं लागलं. नानांना आणायला निघालेले दिवाण स्वतःच पुण्याला आले, ही गंमत सांगणाऱ्यांना सुचते ती यामुळेच.

याचा शेवट मात्र क्वचितच सांगितला जातो. त्याच वर्षी ऑक्टोबरात पेशवे सवाई माधवराव गेले, पुण्यात गादीचा घोळ सुरू झाला, आणि त्या घोळात पाठिंबा मिळवण्यासाठी नानांनाच दिवाणाला सोडून खर्ड्याचं बहुतेक मिळवलेलं परत करावं लागलं.

‘पत्र अस्सल आहे, म्हणजे मजकूर खरा आहे’

मला विचाराल तर हा सगळ्यात घातक समज. गोविंदराव काळ्यांचं १७९३ सालचं नानांना लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. महादजींनी उत्तरेकडे मिळवलेल्या यशाबद्दल त्यात भरभरून आनंद आहे. शिवाजी महाराजांपासूनचा धागा, अटकेपासून दक्षिण समुद्रापर्यंतचा देश, सगळं त्यात येतं. आज त्यातला परिच्छेद मोबाइलवर फिरतो, तो जणू मराठी राज्याचा अधिकृत जाहीरनामा आहे अशा थाटात. पत्र अस्सल आहे, यात शंका नाही. पण ते कोणी, कुणाला आणि केव्हा लिहिलं हे बघायला हवं. महादजी तेव्हा पुण्यात होते. नाना आणि महादजी यांच्यातली तेढ दरबारात कुणापासून लपलेली नव्हती. निजामाच्या राज्यात बसलेला वकील आपल्या धन्याला महादजींचं कौतुक लिहितो, तेव्हा त्यात खरा अभिमान असतो आणि धन्याचं मन वळवण्याची कारागिरीही असते. माझ्या मते दुसरी बाजू दिसली नाही तर ते पत्र अर्धंच वाचलं.

बातमीच्या बाबतीतही हेच. वकिलाला दरबारातलं कळायचं कुणाकडून? तिथल्याच एखाद्या मुत्सद्द्याकडून, ज्याला ती बातमी पुण्याला पोहोचायला हवी असायची. त्याच्या काही वर्षं आधी पॅरिसजवळच्या पासीत अमेरिकेचे प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या बेंजामिन फ्रँकलिनचंही काही वेगळं नव्हतं. त्यांच्याकडे युरोपभरातून पत्रं येत, त्यात आम्हाला तुमच्या सैन्यात अधिकारी करा अशा अर्जांचा तर पाऊस असे. आणि त्यांच्या अगदी निकटचा एडवर्ड बॅन्क्रॉफ्ट ब्रिटिशांचा हेर होता. ही गोष्ट उघड झाली १८८९ मध्ये, शंभराहून अधिक वर्षांनी. पासीतून निघालेली कागदपत्रं लंडनला वाचली जात होती आणि फ्रँकलिनला पत्ता नव्हता.

‘पुण्याबाहेरच्या जगाची पेशव्यांना खबर नव्हती’

खबर होती, ती अपुरी आणि कधी फसवी होती, ही वेगळी गोष्ट. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच माणूस आपण फ्रान्सच्या राजाकडून आलो आहोत असं सांगत पुण्यात आला आणि नानांनी त्याचा मानाने सत्कार केला. त्याचं राजकीय वजन त्याने सांगितलं तेवढं नव्हतं. पण इंग्रजांच्या पोटात गोळा आला, कारण अमेरिकेतल्या बंडात फ्रान्स उतरणार अशी चिन्हं होती आणि पुढच्या वर्षी तो उतरलाच. मुंबईकर इंग्रजांनी पुण्यावर चढाई करताना जी कारणं पुढे केली त्यात हा फ्रेंच माणूसही होता. त्या चढाईचा शेवट जानेवारी १७७९ मध्ये वडगावला झाला.

समुद्र ओलांडणारेही होते. नानांचे नव्हे, त्यांचे विरोधक रघुनाथराव यांचे. हणमंतराव नावाचा ब्राह्मण वकील, मणियार रतनजी आणि त्यांचा मुलगा कर्सेटजी हे दोघे पारशी, असे तिघे १७८१ मध्ये इंग्लंडात होते. रघुनाथरावांची बाजू राजापुढे आणि कंपनीपुढे मांडायला ते गेले होते. सोवळं सांभाळून राहायचं, स्वतः रांधून खायचं, त्यामुळे लंडनच्या थंडीत हाल झाले. तेव्हा एडमंड बर्क यांनी बीकन्सफिल्डच्या आपल्या घरी त्यांची राहण्याची सोय केली. राजकीय फळ शून्य : १७८२ च्या सालबाईच्या तहाने रघुनाथरावांचा दावाच निकाली निघाला.

‘तारीख पत्रावरच असते’

असते, पण आपल्याला लगेच कळेल अशी नसते. दिवस लिहायचा मुसलमानी महिन्याचा, आणि वर्ष लिहिलंच तर शुहूर सनाचं, तेही अरबी अंकशब्दांत. ‘खमस तिसैन मया व अलफ’ म्हणजे पाच, नव्वद, शंभर आणि हजार : शुहूर ११९५, इंग्रजी १७९४-९५, खर्ड्याचं वर्ष. हे वर्ष मृग नक्षत्राला, जूनच्या तोंडाशी पालटतं. कित्येक पत्रांत तर फक्त दिवस आणि महिना. वर्ष संपादकाने मजकुरावरून ताडायचं. छापील पुस्तकातली तारीखही कधी कधी चुकीची असते, ती यामुळे.

‘इंग्रजांनी सगळं जाळलं’

उलट त्यांनी ते जपलं, आणि तेही प्रेमाने नव्हे. १८१८ नंतर कुणाचं इनाम खरं आणि कुणाचं खोटं हे ठरवायला पेशव्यांचे कागद लागणार होते. पुढे इनाम कमिशनने त्यांच्याच आधारे अनेकांची इनामं काढून घेतली. जाळपोळ झाली ती वेगळी : १७६३ मध्ये निजाम अलीच्या फौजेने पुणं लुटून जाळलं. आज पुण्याच्या पुरालेखागारात हजारो रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या आसपास त्यातून निवडून ४५ खंड छापले, तरी ती चिमूटभर निवड. नानांचं खासगी दफ्तर वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यात होतं. ते द. ब. पारसनीसांमुळे साताऱ्याच्या संग्रहात गेलं आणि १९३९ मध्ये तिथून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आलं.

तेव्हा पेटीतला कागद नानांचा निघेल याची आशा फारशी धरू नका, पण तो लॅमिनेटही करू नका आणि फाटलेल्या घडीवर सेलोटेप चिकटवू नका. दोन्हींमुळे कागद कायमचा बिघडतो. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कारण पाठीवर एखादी नोंद किंवा शिक्का असू शकतो. ज्या कापडात तो बांधलेला होता ते टाकू नका, आणि पेटीतला क्रम विस्कटू नका, कारण बिनतारखेचा कागद शेजारच्या कागदावरूनच ओळखला जातो. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. आणि येरमाळ्याच्या मुलखाचा कागद असेल तर पुण्याइतकीच हैदराबादच्या पुराभिलेखागारातही चौकशी करायला हवी. निजामाच्या राज्याचे फारसी आणि उर्दू कागद तिथे आहेत.