ब्रेक दगडासारखा का झाला?

ठाण्याकडून येताना गायमुखचा घाट उतरलं की काजूपाडा लागतो आणि पुढे आमचं चेणे. एका बाजूला नॅशनल पार्कचं जंगल, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधल्या घोडबंदर रस्त्यावर अवजड गाड्यांची रांग. इथे ब्रेकवरचा पाय उचलायला फुरसत नसते. आमच्याकडच्या कितीतरी मैत्रिणी आता मुलांना शाळेत सोडायला, सासूबाईंना दवाखान्यात न्यायला स्वतः गाडी चालवतात. पण बिघाड झाला की ‘ते यांना विचारा’ म्हणून मोकळ्या होतात. बाकीचं एक वेळ चालेल, ब्रेकच्या बाबतीत नको.

गेल्या पावसाळ्यात माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचा ब्रेक जड लागू लागला. दाबताना पायाजवळ ‘स्स्स’ असा आवाज, कुकरच्या सैल रिंगमधून वाफ जावी तसा. गाडी उभी असताना इंजिन थरथरायचं. एका गॅरेजमध्ये पॅड बदलून दिले, पैसे घेतले, ब्रेक तसाच! मग ओळखीच्या एका जुन्या मेकॅनिकना दाखवलं. आवाज ऐकूनच ते म्हणाले, “ताई, पॅडचा काय दोष? बूस्टर लीक आहे.”

बॉनेटखाली, ड्रायव्हरच्या समोर, ताटाएवढा गोल काळा डबा असतो, तो बूस्टर. आत रबराचा पडदा असतो. इंजिन एका पाइपातून डब्यातली हवा ओढून घेतं. आपण ब्रेक दाबला की पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडदा पुढे ढकलते. नऊ इंची पडद्याचं क्षेत्रफळ सुमारे ४०० चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोचा फरक धरला, तरी २०० किलोचा रेटा मिळतो! पडदा फाटला की ही मदत जाते. ब्रेक लागतो, पण सगळा जोर आपल्या पायाला लावावा लागतो. शिवाय फटीतून जादा हवा इंजिनात जाते, म्हणून ते थरथरतं.

मैत्रिणींनो, याची तपासणी घरच्या घरी होते. गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून उभी करा.

इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा. ते कडक होईल. तसंच दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. जागचं हललं नाही तर शंका घ्या.

दुसरी चाचणी. इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करा आणि पेडल सावकाश दोन-तीनदा दाबा. पहिल्यांदा खोल, मग दर वेळी वर राहिलं पाहिजे. पहिल्यापासूनच कडक असेल तर हवा कुठून तरी शिरतेय.

म्हणून लगेच बूस्टरच बदलायचा असं नाही हो! आधी पाइपला चीर आहे का, तोंडाशी असलेला एकतर्फी वॉल्व्ह ठीक आहे का, ते बघायला सांगा. हे सुटे भाग त्यामानाने स्वस्त. डिझेल गाडीत हवा ओढायला वेगळा पंप असतो, तोही तपासायला हवा. माझ्या गाडीत पाइप, वॉल्व्ह दोन्ही चांगले निघाले, म्हणून अख्खा बूस्टर बदलला. तो उघडून दुरुस्त करायच्या फंदात पडू नये, आत जोरदार स्प्रिंग असते. बूस्टर काढताना मास्टर सिलिंडरच्या मागे ब्रेक ऑइल झिरपलंय का, तेही बघून घ्या. ऑइलनेही पडदा खराब होतो. काम झाल्यावर वरच्या दोन्ही चाचण्या मेकॅनिकसमोर पुन्हा करा.

आणि एक. पेट्रोल वाचवायला घाट उतरताना इंजिन कधीही बंद करू नका. बूस्टरमध्ये एक-दोन वेळा पुरेल एवढीच मदत शिल्लक असते. खालचा गिअर टाकूनच उतरा.

पाना हातात धरायची गरज नाही. पण ‘ब्रेक बिघडलाय’ऐवजी ‘पेडल कडक लागतंय, दाबलं की हवेचा आवाज येतोय’ एवढं सांगता आलं, तरी पैसेही वाचतील आणि मागे बसलेली मुलंही सुखरूप घरी पोचतील.