धागा तुटला की थांब!

घरात लग्न निघालं की रायपूरच्या मराठी घरांत एक वाद ठरलेला असतो. पैठणी घ्यायची की कोसा? नागपूर-पुण्याकडून आलेली मंडळी पैठणीच्या बाजूने, आणि पिढ्यान् पिढ्या तात्यापाऱ्यात राहिलेल्या आज्या कोशाच्या बाजूने. मी आज्यांच्या पक्षात आहे, पण ते राहू दे. आज मला तुम्हाला एका मोटार कंपनीबद्दल सांगायचंय आणि त्यासाठी आधी चांपाला जावं लागणार आहे.

कोसा म्हणजे आपल्या छत्तीसगडचं टसर रेशीम. साजा आणि अर्जुनाच्या झाडांवर अळ्या वाढतात, कोश विणतात, त्या कोशांपासून मातकट सोनेरी धागा निघतो आणि चांपाकडचे देवांगन विणकर त्याचं कापड विणतात. तिकडे गेलात तर एखाद्या हातमागाशेजारी नुसते उभे राहून बघा. उभे धागे ताणून लावलेले असतात, तो ताणा. विणकर पायाने खालची पट्टी दाबतो, की ताण्यातले निम्मे धागे वर उचलले जातात आणि मध्ये एक बोगदा तयार होतो. त्या बोगद्यातून धोटा सटकन पलीकडे जातो. धोट्याच्या पोटात कांडी असते, कांडीवर सूत. हे सूत म्हणजे बाणा. मग फणी येऊन त्याला ठोकून घट्ट बसवते. खट्! पुन्हा पाय, पुन्हा धोटा, पुन्हा खट्!

आता सांगा, त्या शेकडो उभ्या धाग्यांतला एकच तुटला, तर काय होईल?

आवाज होत नाही. माग अडत नाही. खट्-खट् चालूच राहतं, फक्त कापडात एक बारीक फट पडते आणि विणकराच्या लक्षात येईपर्यंत ती लांबत जाते. म्हणून तर त्याची नजर सारखी कापडावर असते. फट दिसली की तो हात थांबवतो, तुटलेलं टोक शोधतो, गाठ मारतो आणि मगच पुढे जातो.

हे ‘थांबणं’ नीट लक्षात ठेवा. यातूनच जगातली एक सगळ्यात मोठी मोटार कंपनी निघाली. हो, तीच ती, इनोव्हावाली टोयोटा.

जपानमध्ये हमामात्सू नावाचं शहर आहे. त्याला लागून, आजच्या कोसाई शहरात येणाऱ्या एका खेड्यात, १८६७ साली एका सुताराच्या घरी साकिची तोयोदा जन्माला आला. (आडनाव तोयोदाच. कंपनीचं नाव पुढे टोयोटा झालं.) हा सगळा भाग कापसाचा आणि मागांचा. गावातल्या बायका दिवसभराची कामं उरकून घरच्या मागावर बसत. साकिचीची आईही विणायची. मुलगा बघत बसायचा आणि मनाशी म्हणायचा, यांचे हात एवढे का दुखावेत?

बापाची हत्यारं घरातच होती. हा पठ्ठ्या माग बनवायचा, मोडायचा, पुन्हा बनवायचा. गावाने त्याला वेडा ठरवला. शोध लावणाऱ्या बहुतेकांच्या नशिबी हे येतंच. १८९० साली तोक्योला यंत्रांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, तिथे हा रोज जाऊन यंत्रांसमोर उभा राहायचा. त्याच वर्षी त्याचा लाकडी हातमाग तयार झाला. आधीच्या मागावर धोटा फेकायला दोन्ही हात लागत. याच्या मागावर एका हाताने फणी पुढे-मागे केली की धोटा आपोआप पळायचा. पुढच्या वर्षी त्याला त्याचं पेटंटही मिळालं.

मग १८९६ मध्ये त्याने वाफेवर चालणारा माग बनवला आणि त्यात एक छोटीशी करामत घातली. आडवा धागा तुटला किंवा संपला की माग आपला आपण बंद! पुढच्या मागांत उभ्या धाग्यांसाठीही सोय आली. ती कशी चालते? प्रत्येक उभ्या धाग्यावर पातळ लोखंडी पट्टी अडकवलेली असते. धागा ताठ आहे तोवर पट्टी वर लोंबत राहते. धागा तुटला की तिला आधार उरत नाही. ती खाली पडते, खालच्या हलत्या दांड्याला अडवते, आणि यंत्र थांबतं. ना डोळे, ना मेंदू, नुसती एक पडणारी पट्टी!

याने काय झालं बघा. पूर्वी प्रत्येक मागापाशी धागा तुटतोय का हे पाहायला माणूस उभा करावा लागे. आता तोच माणूस मागांच्या रांगेतून मोकळा फिरू लागला आणि जो थांबेल त्याच्याकडेच जाऊ लागला. १९२४ मध्ये साकिची आणि त्याचा मुलगा किइचिरो यांनी ‘जी’ नावाचा माग पूर्ण केला. त्यात तर कांडी संपली की चालत्या मागावरच भरलेला धोटा रिकाम्याची जागा घ्यायचा. असे तीस ते पन्नास माग एकटा कामगार सांभाळू शकत होता.

गांधीजींच्या काळात आपल्याकडे ज्या विलायती कापडाच्या होळ्या झाल्या, त्यातलं बरंचसं इंग्लंडच्या लँकेशायरच्या गिरण्यांत विणलेलं असायचं. तिथली प्लॅट ब्रदर्स ही कंपनी म्हणजे कापडयंत्रांची राणी. या राणीने १९२९ मध्ये जपानी सुताराच्या पोराच्या मागाचे हक्क विकत घेण्याचा करार केला आणि किंमत ठरली १ लाख पौंड! मला इतिहासातला हा प्रसंग फार आवडतो. किइचिरोच्या डोक्यात तेव्हा मोटार घोळत होती. १९३३ मध्ये मागांच्या कारखान्यातच मोटारींचा विभाग सुरू झाला आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर ही वेगळी कंपनी उभी राहिली.

तुम्हाला वाटेल, पहिल्याच दिवसापासून यांच्या गाड्या एकदम पक्क्या. छे! १९३५ मध्ये आलेले त्यांचे पहिले ट्रक रस्त्यात इतके बंद पडायचे की कंपनीच्या माणसांना दुरुस्तीसाठी धावत जावं लागे. १९५७ मध्ये ‘क्राउन’ नावाची गाडी मोठ्या थाटात अमेरिकेत नेली. तिथले लांबच लांब हमरस्ते आणि तिथला वेग! क्राउनचं इंजिन तापायचं, चढावर तिला धाप लागायची. शेवटी १९६० मध्ये ती पाठवणंच थांबवावं लागलं. ‘जपानी गाडी म्हणजे भरवशाची’ असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर अमेरिकेतले लोक हसले असते.

मग हे बदललं कसं? इथे ताइइची ओनो हे गृहस्थ येतात. हे आधी तोयोदांच्या कापडगिरणीत काम करत होते, मोटारींकडे आले १९४३ मध्ये. धागा तुटला की थांबणारे माग त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले. मोटारीच्या कारखान्यात आल्यावर त्यांना प्रश्न पडला, चूक झाल्यावर माग थांबतो, तर माणसांनी का थांबू नये?

मोटारी बनतात त्या सरकत्या पट्ट्यावर. गाडी पुढे सरकते, एक जण दार बसवतो, दुसरा आसन, तिसरा दिवे. जगभर तेव्हा नियम असा की काहीही झालं तरी पट्टा थांबवायचा नाही. वाकडं बसलं तर बसू दे, शेवटी बघू! टोयोटाच्या कारखान्यात मात्र कामगारांच्या डोक्यावरून एक दोरी गेलेली असे. (आता बऱ्याच ठिकाणी तिच्या जागी बटण असतं.) पेच नीट बसला नाही, रंगावर ओरखडा दिसला, काही खटकलं, की दोरी ओढायची. फळ्यावर दिवा लागतो, गाण्याची धून वाजते आणि मुकादम धावत येतो. तेवढ्यात चूक दुरुस्त झाली तर ठीक, नाहीतर तो पट्टा थांबतो. नव्या पोराने ओढली तरी थांबतो. शाळेत ‘सर, मला कळलं नाही’ म्हणून हात वर करायला किती धीर लागतो ते आठवा, म्हणजे ती दोरी ओढणं काय आहे ते कळेल.

आणि थांबल्यावर ओनो लगेच दुरुस्ती करू देत नसत. आधी ‘का?’ विचारायचं, तेही पाच वेळा. त्यांनीच दिलेलं उदाहरण बघा.

यंत्र बंद का पडलं? फ्यूज उडाला.
फ्यूज का उडाला? बेअरिंगला पुरेसं वंगण मिळालं नाही.
का नाही मिळालं? पंप नीट तेल खेचत नव्हता.
का नव्हता? पंपाचा दांडा झिजला होता.
का झिजला? तेलात लोखंडाचा कीस जात होता, कारण गाळणीच नव्हती!

पहिल्याच उत्तरावर थांबलात तर फक्त फ्यूज बदलाल, आणि तो पुन्हा उडेल. पाचव्यापर्यंत गेलात तर एक गाळणी बसवाल, बस्स. हा खेळ घरी खेळून बघा. ‘दूध उतू का गेलं’पासून सुरुवात करा. पाचव्या ‘का’ला आई किंवा बाबा नक्की चिडतात, तेव्हा जरा जपून.

अशी वर्षं गेली. १९६६ मध्ये कोरोला आली आणि पुढे ती जगातल्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या गाड्यांत जाऊन बसली. इथे एक छत्तीसगडी गंमत सांगायलाच हवी. आपल्या बस्तरच्या बैलाडिला डोंगरांतलं उत्तम प्रतीचं लोहखनिज १९६८ पासून रेल्वेने विशाखापट्टणमला आणि तिथून बोटीने जपानच्या पोलाद कारखान्यांना जाऊ लागलं. त्यासाठी डोंगर फोडून, बोगदे खणून किरंदुलपर्यंत खास लोहमार्ग टाकला गेला. त्या काळच्या एखाद्या जपानी गाडीच्या पत्र्यात बस्तरचं लोखंड नसेलच, असं कोण छातीठोकपणे सांगेल?

भारतात टोयोटाला जोडीदार मिळाला तो मराठी घरातला. साकिचीनंतर दोनच वर्षांनी, १८६९ मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म झाला. त्यांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, मग लोखंडी नांगर बनवला. शेतकरी म्हणाले, लोखंडाने जमिनीला विष होईल! नांगर बरेच दिवस पडून राहिले. लक्ष्मणराव चिकाटीचे, त्यांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. त्यांच्या चौथ्या पिढीतल्या विक्रम किर्लोस्करांनी आधी तोयोदा मंडळींबरोबर सूतकताईची यंत्रं बनवायला घेतली (पुन्हा धागा!) आणि १९९७ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी सुरू झाली. कारखाना बंगळूरुजवळ बिडदीला. २००० साली क्वालिस आली. दिसायला अगदी बेढब, पण टॅक्सीवाल्यांनी ती डोक्यावर घेतली. २००५ मध्ये तिची जागा इनोव्हाने घेतली. रायपूरहून जगदलपूरला, केशकालचा घाट चढून भाड्याच्या गाड्या नेणाऱ्या एखाद्या ड्रायव्हरकाकांना विचारा, इनोव्हा महाग असूनही लोक का घेतात. अर्धा तास तरी बोलतील. महाराष्ट्रातही छत्रपती संभाजीनगरला नवा कारखाना उभारण्याचा करार २०२४ मध्ये झालाय.

एवढं कौतुक केल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. २००९-१० च्या सुमारास अमेरिकेत टोयोटाच्या काही गाड्यांत घोटाळा निघाला. पायाखालची चटई सरकून वेगाचं पेडल अडकायचं, काहींत पेडलच चिकटून बसायचं. अपघात झाले, माणसं गेली. लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. साकिचीचे पणतू अकिओ तोयोदा तेव्हा कंपनीचे प्रमुख होते. त्यांनी अमेरिकेच्या संसदेसमोर माफी मागितली आणि कबूल केलं की आम्ही फार वेगाने वाढलो. पुढे २०१४ मध्ये, लोकांपासून माहिती लपवल्याबद्दल कंपनीला १२० कोटी डॉलर भरावे लागले. म्हणजे दोरी होती, पण वेळेवर ओढली गेली नाही. २०२४ मध्येही काही गाड्यांच्या चाचण्या नियमाप्रमाणे केल्या नव्हत्या हे उघड झालं, आणि पुन्हा माफी मागावी लागली. नाव कमवायला पन्नास वर्षं लागतात, पण ते पेटीत कुलूप लावून ठेवता येत नाही.

आता शेवटची गंमत. आपल्या रस्त्यांवर सगळीकडे दिसते ती मारुती सुझुकी. १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हापासून सुझुकी हे नाव आपल्या घरचं झालं. ही सुझुकी मूळची कुठली? हमामात्सूची! आणि मिचिओ सुझुकींनी १९०९ मध्ये काय काढलं होतं? मागांचाच कारखाना! साकिचीच्या कोसाईत आज सुझुकीचा मोटारींचा कारखाना आहे. टोयोटाची ग्लांझा बघा आणि शेजारी सुझुकीची बलेनो उभी करा. बिल्ला आणि थोडी सजावट सोडली तर गाडी एकच. ग्रँड व्हिटारा सुझुकीची, पण ती बिडदीला टोयोटाच्या कारखान्यात बनू लागली. दोन जुने मागवाले शंभर वर्षांनी असे एकत्र आलेत.

आणि त्याच हमामात्सूजवळ १९०६ मध्ये आणखी एक मुलगा जन्मला, सोइचिरो होंडा. तो मात्र मागवाला नव्हता. त्याचे वडील लोहार, सायकली दुरुस्त करणारे, आणि याच्या कंपनीची सुरुवातही झाली ती सायकलीला लष्कराची जुनी छोटी इंजिनं जोडून. पण सायकलवाल्यांची गोष्ट वेगळी आणि लांबलचक आहे, ती पुढच्या अंकात!