दगडावर चढणारी गाडी : मोटर कार्बनची की बिनकार्बनची?

आमचा धंदा कापडाचा. मोटरीशी आमचा संबंध शिलाई मशीनपुरता. घरगुती शिलाई मशीनला लावतात त्या छोट्या मोटरीचा कार्बन झिजला की कारागीर दुसरा बसवून देतो, एवढीच आमची माहिती. तरीही आज या पानावर मोटरीविषयी लिहीत आहोत, कारण या विषयात आमचे पैसे अडकले आणि शिकवणीची फी भरल्यावर शिकलेले सांगायला हरकत नसावी.

आमच्या भाच्याने खारघरला छोटा गाळा घेऊन रिमोटच्या गाड्यांचे सामान विकायला सुरुवात केली. यातील एक जात 'रॉक क्रॉलर'. खऱ्या जीपच्या साधारण दहाव्या हिश्शाची ही गाडी पळत नाही, दगडावर इंच इंच चढते. खारघरच्या टेकडीचा काळा खडबडीत दगड आणि बेलापूरकडचा पारसिकचा चढ पाहता नवी मुंबईत हा शौक रुजणे साहजिक आहे. शौकीन म्हणजे शाळकरी मुले नव्हेत; नोकरदार माणसे रविवारी सकाळी गाडी घेऊन निघतात.

भाच्याने विचारले, "मामू, मोटरी कोणत्या भरू? ब्रशच्या स्वस्त आहेत, ब्रशलेस महाग." आम्ही कापडवाल्याच्या तोऱ्यात सांगितले, महाग माल भर, भारी कापड आज ना उद्या खपतेच. मनात बीएलडीसी पंखेही होते. बिनब्रशचा पंखा वीज वाचवतो हे आता घरोघरी ठाऊक आहे. आमची गफलत तिथेच झाली. छताचा साधा पंखा मुळात कार्बनचा नसतोच. कार्बन असतो तो मिक्सरमध्ये. एका व्यापाऱ्याकडून वीस ब्रशलेस मोटरी उचलल्या. महिन्याभरात त्यातल्या निम्म्या परत आल्या. तक्रार एकच : दगडावर गाडी अडखळते, थरथरते, मग एकदम उडी मारते.

कारण नंतर कळले. ब्रशच्या मोटरीत कार्बनचे दोन तुकडे फिरत्या आर्मेचरच्या कम्युटेटरला टेकून असतात. आतल्या कोणत्या गुंडाळीला करंट द्यायचा हे त्यांच्या स्पर्शानेच ठरते. म्हणून मोटर उभी असली तरी पहिल्या क्षणापासून जोर लावते. ब्रशलेसमध्ये गुंडाळ्या स्थिर आणि चुंबक फिरते. करंट कोणत्या गुंडाळीला द्यायचा हे बाहेरचा स्पीड कंट्रोलर ठरवतो. आता चुंबक कोणत्या कोनात आहे हे त्याला कसे कळावे? सेन्सर नसेल तर फिरत्या मोटरीतून उलट येणाऱ्या व्होल्टेजवरून तो अंदाज बांधतो. पण मोटर उभी असेल तर व्होल्टेजच नाही! पळणाऱ्या गाडीला याचे काही वाटत नाही. क्रॉलरचे मात्र सगळे काम उभ्यातून हळूच निघण्याचे. आम्ही भरलेला माल नेमका बिनसेन्सरचा होता. मोटरीत खोट नव्हती, गिऱ्हाईक चुकीचे होते.

ब्रशच्या मोटरीची पारख टर्नवर होते, म्हणजे तारेचे वेढे किती. वेढे जास्त तर चाल कमी आणि तेवढ्याच करंटमध्ये जोर जास्त. क्रॉलरला ३५ ते ५५ टर्नची मोटर चांगली. ब्रशलेसवर केव्हीचा आकडा असतो : एका व्होल्टला किती फेरे. ३,००० केव्हीला ७.४ व्होल्टची बॅटरी लावली तर बिनओझ्याच्या मोटरीचे मिनिटाला २२,२०० फेरे होतात. दगडावर त्यांचे काय करायचे?

कार्बनचे दोषही सांगायला हवेत. कार्बन झिजतो, पाण्यात चालवला तर फार लवकर, आणि पावसाळ्यात आमच्याकडे कोरडा दगड मिळणार कुठे? चाक दगडात अडकलेले असताना चाप दाबून धरला तर कम्युटेटर एकाच जागी तापून करपतो. स्वस्त मोटरीचा डबा बंद असतो. कार्बन बदलता येत नाही, अख्खी मोटर फेकावी लागते. थोडे जास्त देऊन कार्बन बदलता येणारी घ्यावी.

ब्रशलेसची चांगली जातही आहे, ती मात्र सेन्सरवाली. हॉबीविंग कंपनीच्या 'फ्यूजन' मालिकेत मोटर आणि कंट्रोलर एकाच डब्यात येतात आणि करंट झटक्याने न बदलता सावकाश फिरवला जातो. भाच्याने एक बसवून दाखवली. गाडी खडकावर पालीसारखी चिकटून चढली आणि चाप सोडल्यावर उतारावर जागच्या जागी थांबली. पण किंमत विचारून आम्ही गप्प बसलो.

किमतीचा दुसरा पेच कंट्रोलरचा. ब्रशच्या मोटरीला दोन तारा, ब्रशलेसला तीन. जुन्या ब्रशच्या कंट्रोलरवर ब्रशलेस चालत नाही, तोही नवा घ्यावा लागतो. दुकानदार मोटरीचा भाव सांगतो, कंट्रोलरचा सांगायला विसरतो. (कापडात अस्तराचे असेच होते.) त्यात माल परदेशी. न्हावा शेवा बंदर शेजारी आहे म्हणून स्वस्त मिळत नाही. खेळण्यांवरची आयात जकात २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाली. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचे चिन्हही सक्तीचे आहे. अशा बाजारात चुकीचा माल भरला तर तो दुप्पट बोचतो.

ट्रॅक्सस कंपनीची टीआरएक्स-४ ही नावाजलेली, महागडी क्रॉलर २०१७ साली आली तेव्हा तिच्यातही कारखान्याने ब्रशचीच मोटर बसवली होती. हे आधी कळले असते तर भाच्याला आम्ही वेगळा सल्ला दिला असता. आता तो नव्या गिऱ्हाइकाला कार्बनचीच देतो आणि सोबत एक जादा मोटर घ्यायला सांगतो. वर्षभर चालवून हात बसला आणि खिसा तयार असला तरच सेन्सरवाली दाखवतो. बिनसेन्सरची कोणी मागितली तर आधी विचारतो, गाडी पळवायची की चढवायची?

आमच्या वीसपैकी सोळा मोटरी मैदानात गाड्या पळवणाऱ्यांना खरेदीच्या भावात गेल्या. उरलेल्या चार गाळ्याच्या वरच्या फळीवर आहेत.