राखणदार कुत्र्याचें अन्न

अजिंठ्याच्या डोंगररांगेस लागून ज्यांचीं वावरें आहेत, त्या आमच्या मोताळा, बुलढाणा व चिखली तालुक्यांतील शेतकरी बंधूंस कुत्र्याचें मोल निराळें सांगावयास नको. रोह्यांचा कळप किंवा रानडुकरें रात्रीं पिकांत शिरलीं म्हणजे मनुष्यास जाग येण्यापूर्वीं कुत्रा भुंकतो. परंतु बैलाच्या दाण्यावैरणीचा बारीक विचार करणारा गृहस्थही कुत्र्यापुढें शिळी भाकर टाकून निश्चिंत होतो, आणि मग कुत्रा रोडावला, पिलें जगत नाहींत, अशी तक्रार करितो.

कुत्रा हा केवळ मांसावर जगणारा प्राणी नव्हे. स्वीडनमधील संशोधकांनीं 2013 सालीं लांडगा व कुत्रा यांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना करून असें दाखविलें कीं, पिष्ट पचविण्याची शक्ति मनुष्याच्या सहवासांत कुत्र्यामध्यें पुष्कळ वाढली आहे. म्हणून भाकर त्यास पचते. पण पचणें निराळें आणि पुरणें निराळें. अमेरिकेंतील पशुखाद्य-नियंत्रक अधिकाऱ्यांच्या संघानें, पाण्याचा अंश वजा करून उरलेल्या अन्नांत, मोठ्या कुत्र्यास शेंकडा 18 आणि पिलांस व पाजत्या कुत्रीस शेंकडा 22.5 प्रथिनें किमान असावींत असें ठरविलें आहे. ज्वारींत तीं शेंकडा दहाच्या आसपास, आणि कॅल्शियम तर फारच थोडें. भाकरीसोबत घट्ट वरण, उकडलेलें अंडें आणि शक्य तेव्हां शिजविलेलें मांस दिलें तर ही उणीव पुष्कळ भरून निघते. मात्र वरण फोडणी देण्यापूर्वींच बाजूस काढावें. कारण कांदा व लसूण, शिजलेले असले तरी, कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशींचा नाश करितात.

आतां दुकानांतील तयार अन्नाविषयीं. पिशवीवरील गुबगुबीत कुत्र्याचें चित्र पाहून खरेदी करणें म्हणजे सातबारा न पाहतां शेत घेणें होय. एका डब्यावर शेंकडा 8 प्रथिनें व 80 पाणी लिहिलें आहे आणि एका कोरड्या पिशवीवर शेंकडा 20 प्रथिनें व 10 पाणी, असें समजा. पाणी वजा घातलें म्हणजे डब्यांत 20 भागांत 8, अर्थात् शेंकडा 40. पिशवींत 90 भागांत 20, अर्थात् शेंकडा सुमारें 22. तेव्हां ती पिशवी मोठ्या कुत्र्यास चालेल, पिलास किंचित् कमी पडेल. डबा सरस दिसतो खरा, परंतु अर्ध्या किलोच्या डब्यांत पाण्याचेंच वजन 400 ग्रॅम आहे, हें किंमत देतांना विसरूं नये.

नुसत्या आंकड्यावरही भिस्त नको. प्रथिनें बहुधा नायट्रोजन मोजून ठरवितात. चीनमधून गेलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्यें मेलामाईन हें नायट्रोजनयुक्त रसायन मिसळून हा आंकडा फुगविला गेला, आणि 2007 सालीं अमेरिकेंत अनेक कुत्रीं-मांजरें मूत्रपिंडें निकामी होऊन मेलीं. यास्तव घटकांची यादी वाचावी. ती वजनाच्या उतरत्या क्रमानें असते. आरंभींच मांस, मासळी किंवा अंडें यांचें नांव असावें. अन्न कोणत्या वयाच्या कुत्र्यासाठीं आहे तें व मुदत पाहावी. तोंड उघड्या पोत्यांतून सुटें विकतात तें आम्ही घेणार नाहीं.

आमच्या जिल्ह्यांत मात्र खरा धोका दुकानापेक्षां गोठ्यांत अधिक आहे. सरकींत गॉसिपॉल नांवाचें विषारी द्रव्य असतें. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावरांस तें बरेंचसें सोसतें, कुत्र्यास सोसत नाहीं. दिवसेंदिवस तें पोटांत गेलें तर हृदय दुर्बळ होतें व दम लागून कुत्रा मरतो. म्हणून ढेपेचें टोपलें झांकून ठेवावें. कच्चें सोयाबीन प्रथिनांच्या पचनास अडथळा करितें, तें शिजविल्यावांचून देऊं नये. बुरशी आलेला मका किंवा शेंगदाणा जनावरांस नको म्हणून कुत्र्यास टाकूं नये. त्यांतील विष यकृतावर जातें. शिजलेलीं हाडें फुटून आंतड्यांत रुततात. आणि बोकड कापल्यावर त्याचें कच्चें काळीज-फुप्फुस कुत्र्यास टाकण्याची जी चाल आहे, ती तर घरच्या मुलाबाळांवर येते: त्यांतील कोशांपासून कुत्र्याच्या पोटांत बारीक पट्टकृमि वाढतात, त्यांचीं अंडीं विष्ठेंतून हाताला, हातांतून तोंडांत जातात, आणि मनुष्याच्या यकृतांत पाण्याच्या गांठी होतात. असे अवयव खोल पुरावे किंवा जाळावे.

अन्न बदलावयाचें तर एकदम बदलूं नये. आठवडाभर जुन्यांत नवें थोडें थोडें वाढवीत जावें, आणि रोज शेण पाहतों तशी विष्ठा पाहावी. ती पातळ झाली तर दोन दिवस मागें यावें.