पंपाले किती टाकू? गणित सातवीचेच!

शेतकरी बंधूंनो, फवारणीचे दिवस आले की आम्हा कृषी खात्याच्या माणसांना एकच प्रश्न सारखा ऐकू येतो : "साहेब, एका पंपाले किती टाकू?" राजापेठला एसटीतून उतरून औषध घ्यायला निघालेला माणूस दुकानातही हेच विचारतो. "दोन झाकणं टाक" असे उत्तर मिळते आणि ते माप गावभर फिरते. पंप कोणता, टाकी किती लिटरची, याची चौकशी होत नाही. विचारणाऱ्याच्या घरात मात्र त्रैराशिक घडाघडा सोडवणारे पोर असते. त्याला म्हणा, "बापाच्या पंपाचा हिशेब सांग." ते गप्प!

पोर ढ नाही. त्याने गणिते वरच्या खुणांवरून लक्षात ठेवली आहेत. मजूर दिसले की अमुक रीत, आंबे दिसले की तमुक. पुस्तकात पंप नव्हता, म्हणून रीतही सुचत नाही.

१९८१ मध्ये अमेरिकेत मिशेलीन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिले. भौतिकशास्त्राची गणिते देऊन त्यांचे गट पाडायला सांगितले. नवशिक्यांनी उताराची गणिते एकीकडे ठेवली, स्प्रिंगची दुसरीकडे. जाणकारांनी मात्र कोणते गणित कोणत्या नियमाने सुटते ते पाहून गट पाडले. मनातल्या अशा मांडणीला मानसशास्त्रात 'स्कीमा' म्हणतात. आपण साचा म्हणू.

असे साचे तुमच्याकडेही आहेत बरे! पिवळे पान दिसले की युरिया, हा नवशिक्याचा साचा. जाणता माणूस आधी पाहतो, पिवळेपणा खालच्या जुन्या पानांवर आहे की शेंड्यावर? नत्राची कमतरता जुन्या पानांवर आधी दिसते, लोहाची कोवळ्या पानांवर.

आता पंपाकडे या. ही तीन गणिते पाहा. आकडे फक्त समजण्यापुरते आहेत, खरे माप लेबलवरचेच घ्यावे.

पहिले : १० लिटर पाण्याला १० मिली औषध, तर १५ लिटरच्या पंपाला किती? १५ मिली. पाणी वाढले, औषध वाढले.

दुसरे : निंदणाला १० बाया ६ दिवस लागतात, तर १५ बायांना किती? ४ दिवस. बाया वाढल्या, दिवस घटले. पण एकूण काम ६० रोजांचेच राहिले.

तिसरे : हातपंपाने एकरी १५० लिटर पाणी आणि १५० मिली औषध लागते. पॉवर पंपाला पाणी साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे ५० लिटर पुरते. मग १० लिटरच्या टाकीत औषध किती?

पोर म्हणेल, पहिल्यासारखेच, १० मिली. दोन्हीकडे पंप आहे ना! पण तिसऱ्याचे नाते निंदणाच्या बायांशी आहे. तिथे काम कायम होते, इथे एकरी औषध कायम आहे. पाणी तिसरा हिस्सा झाले, तर प्रत्येक लिटरमागे औषध तिप्पट. पाच टाक्या, प्रत्येकी ३० मिली.

हे उलटेपालटे झाले तर? हातपंपात पॉवर पंपाचे माप गेले की एकरी तिप्पट विष पडते. पॉवर पंपात हातपंपाचे गेले की कीड मरत नाही आणि पैसे पाण्यात. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कारणे अनेक होती : डोक्याएवढी कपाशी, औषधांची मिसळ, तोंडाला फडका नाही. तरी पंपातले माप ही काही किरकोळ गोष्ट नव्हे.

म्हणून गुरुजींना आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सभासदांना सुचवावेसे वाटते. एकाच रीतीची वीस गणिते घोटून घेण्यापेक्षा वेगळ्या रूपाची, पण एकाच साच्याची दोन गणिते शेजारी ठेवा आणि विचारा, "यात सारखे काय? कायम काय राहिले?" उत्तर नंतर काढू द्या. सुरुवातीला वेळ लागतो, पोरे कुरकुरतात. लागू द्या.

शनिवारी शाळेच्या मैदानावर एक गुंठा आखा. स्वच्छ धुतलेल्या पंपाने नेहमीच्या चालीने साधे पाणी फवारा, किती लिटर लागले ते मोजा, चाळीसने गुणा. एकराचे पाणी निघाले. पुढचा हिशेब मुलांनी फळ्यावर करावा. पंप मोठ्या माणसानेच पाठीवर घ्यावा आणि औषधाची बाटली, रिकामी असली तरी, मुलांच्या हाती देऊ नये.