रविवारची सुट्टी आणि बोरिवलीचे रान

१८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी-कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. सुट्टी मिळाली म्हणजे ती घालवायला जागाही हवी. आणि एका खोलीत दाटीने राहणाऱ्या माणसाला ती घरात कोठून मिळणार? म्हणून बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान ही आम्ही कष्टकऱ्याच्या हक्काची जागा मानतो. तेथे तो कोणाच्या मेहेरबानीने जात नाही.

परंतु ‘उद्यान’ या शब्दाने थोडा घोटाळा केला आहे. उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिरवळ, कारंजे आणि भेळवाला उभा राहतो. बोरिवलीचे उद्यान ही बाग नव्हे. ते सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे रान आहे. त्यात बिबटे आहेत, कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत, आणि १८६० चा विहार व १८७९ चा तुळशी हे मुंबईला पाणी देणारे तलाव आहेत. भोवतालची झाडी राखली, तरच पाऊस जमिनीत मुरतो आणि तलावात येणारा गाळ अडतो.

मग लोकांनी आणि रानाने एकत्र कसे नांदावे? तोड साधी आहे. दरवाजाजवळचा भाग आणि कान्हेरीची वाट लोकांना मोकळी; आतले रान जनावरांसाठी आणि पाण्यासाठी राखीव. पण नुसती रेघ ओढून भागत नाही. सहलीचे उष्टे पडले, कडेच्या वस्तीत कचरा साचला, की भटकी कुत्री जमतात. कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो. तो सहलवाल्यांच्या दारात जात नाही. तो येतो आदिवासी पाड्यांवर आणि कडेच्या झोपड्यांपाशी, जेथे कित्येक ठिकाणी रात्री उजेड नसतो आणि शौचाला बाहेर जावे लागते. एकाच्या निष्काळजीपणाची किंमत दुसऱ्याचे पोर देते.

१९९७ साली उच्च न्यायालयाने तेथील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला, तेव्हाही रान राखण्याचा भार प्रथम झोपडीवाल्यावर पडला. रान राखलेच पाहिजे, याविषयी आमचे दुमत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की हा भार सर्वांनी वाटून घ्यावा. नगरपालिकेने कडेचा कचरा वेळेवर उचलावा, वस्तीला दिवा आणि संडास द्यावा; आणि आपण ठरल्या वाटेने चालावे, डब्यातले उरलेसुरले डब्यातूनच परत आणावे.

हक्काची वस्तू राखण्याची जबाबदारीही हक्कदाराचीच असते. सुट्टी आपण लढून मिळविली. रान मात्र जपूनच टिकेल.