दुसऱ्या घरासाठी पहिले गहाण?

अमरावती आणि अकोला या शहरांतील नोकरदार मध्यमवर्गात घराविषयीचा एक नवा विचार अलीकडे रुजू लागला आहे. पहिले घर होऊन दहा-पंधरा वर्षे लोटलेली असतात. त्याचे कर्ज फिटलेले असते किंवा फिटत आलेले असते. मुले मोठी झाल्याने जागा अपुरी पडू लागते, अथवा अकोल्याच्या माणसाची बदली अमरावतीस होते. अशा वेळी जुने घर न विकता ते बँकेकडे गहाण ठेवावयाचे, त्या रकमेतून दुसरे घर घ्यावयाचे, जुने भाड्याने द्यावयाचे आणि भाड्यातून हप्ते फेडावयाचे, अशी ही योजना असते. भाडेकरूच्या पैशाने आपण दुसऱ्या घराचे धनी होऊ, हे तिचे आकर्षण होय. ते कितपत खरे आहे, हे हिशेब मांडून तपासणे अगत्याचे आहे.

या विचारामागील चिंता मात्र खरी आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर राज्य शासनाच्या सेवेत आलेल्यांना जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी अंशदायी योजना लागू करण्यात आली. म्हातारपणी दरमहा हाती काय पडेल, याची खात्री न उरलेल्या शिक्षकाला वा लिपिकाला भाड्याचे घर हेच निवृत्तिवेतन वाटू लागले, तर त्यात नवल नाही. म्हणूनच हा हिशेब चुकला तर नुकसान केवळ पैशाचे होत नाही, उतारवयाचा आधारच डळमळतो.

उदाहरणादाखल काही आकडे गृहीत धरू. जुन्या घराची किंमत ५० लाख रुपये, त्यावर काढलेले कर्ज २५ लाख, व्याज साडेनऊ टक्के आणि मुदत १५ वर्षे. मासिक हप्ता सुमारे २६,१०० रुपये पडतो. घराला दरमहा १०,००० रुपये भाडे येते असे समजू. वर्षातून एक महिना घर रिकामे राहिले आणि मालमत्ता कर व दुरुस्ती यांत १४,००० रुपये गेले, तर वर्षाकाठी ९६,००० रुपये, म्हणजे महिना ८,००० रुपये हाती उरतात. हप्त्यातील उरलेले १८,१०० रुपये पगारातूनच द्यावे लागतात. भाडेकरू कर्ज फेडतो हे म्हणणे येथेच निकालात निघते.

पण हिशेब येथे संपत नाही. जुने घर विकले असते तर हे कर्ज काढावेच लागले नसते, आणि हाती उरलेले २५ लाख साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत ठेवले तरी वर्षाला १,६२,५०० रुपये मिळाले असते. पहिल्या वर्षीचे व्याज सुमारे २,३४,००० रुपये होते. या दोहोंच्या बेरजेतून भाड्याचे ९६,००० वजा केले, तर जुने घर जवळ बाळगण्याची किंमत, कर बाजूस ठेवून, वर्षाला सुमारे ३ लाख रुपये ठरते. ५० लाखांवर हे प्रमाण सहा टक्के होते. म्हणजे त्या घराचा भाव वर्षाला निदान सहा टक्क्यांनी वाढला, तरच आरंभीच्या काळात तोंडमिळवणी होईल. जुनी होत चाललेली इमारत आणि शहराचा सरकता विस्तार पाहता आपल्या गल्लीत असे घडेल काय, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःस विचारावा.

व्याजाचा दरही स्थिर नसतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या अवघ्या दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. वरील कर्जाचा दर तेवढाच, म्हणजे साडेनऊवरून बारा टक्क्यांवर गेला, तर हप्ता ३०,००० रुपयांवर जातो. हप्ता तोच ठेवून मुदत वाढवायची म्हटले, तर १५ वर्षांचे कर्ज सुमारे साडेसव्वीस वर्षांचे होते. चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या नोकरीची तेवढी वर्षे उरलेली नसतात.

गहाण हा शब्द वऱ्हाडला नवा नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचे भाव चढले आणि युद्ध संपताच कोसळले. कापसाच्या भावाबरोबर कर्जाचे चढउतार सोसण्याची या प्रदेशाला तेव्हापासूनची सवय आहे. जुन्या व्यवहारात दोन प्रकार सर्वांच्या परिचयाचे होते. नजरगहाणात ताबा मालकाकडे राही. कब्जेगहाणात ताबा सावकाराकडे जाई आणि उत्पन्न व्याजापोटी तोच घेई. आजच्या योजनेत कागदोपत्री नजरगहाण असते. पण सारे भाडे जर व्याजातच जाणार असेल, तर फलतः ते कब्जेगहाणच ठरते. फरक इतकाच की, दुरुस्ती, रिकामे महिने आणि भाडेकरूशी होणारे वाद हे सारे मालकाच्याच माथी राहतात. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला तर खाते अनुत्पादक ठरते, आणि २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दावा न लावता, बँक घराचा ताबा घेण्याची कारवाई करू शकते.

प्राप्तिकराबाबतही एक गैरसमज आढळतो. गहाण पडलेल्या घराच्या भाड्यातून या कर्जाचे व्याज वजा होईल, असे अनेकांस वाटते. वस्तुतः कर्जाची रक्कम ज्या घरासाठी वापरली, त्या घराशी व्याजाची वजावट निगडित असते. तारण कोणते दिले याला महत्त्व नाही. त्यामुळे मालमत्ता कर आणि ३० टक्क्यांची सरसकट वजावट जाऊन जुन्या घराचे उरलेले भाडे करपात्र होते. नव्या राहत्या घराच्या व्याजाला जुन्या करप्रणालीत २ लाखांची मर्यादा आहे, तर नव्या प्रणालीत ही वजावटच नाही. याउलट जुने घर विकून विहित मुदतीत दुसरे घेतले, तर दीर्घकालीन भांडवली नफ्यावर करसवलत मिळू शकते.

भाडेकरूविषयीची भीती मात्र पूर्वीइतकी राहिलेली नाही. विदर्भात १९४९ च्या भाडेनियंत्रण आदेशाखाली भाडेकरूस नोटीस देण्यापूर्वीच नियंत्रकाची परवानगी लागे. त्या अनुभवाने कित्येकांनी घरे रिकामी ठेवणे पसंत केले. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक केले आणि ती जबाबदारी घरमालकावर टाकली. ओळखीतला माणूस म्हणून तोंडी व्यवहार करणाऱ्याने कायद्याचे हे संरक्षण आपणहून गमावलेले असते. गहाण घर भाड्याने देताना बँकेची लेखी संमतीही घ्यावी.

ही योजना सर्वांसाठीच त्याज्य आहे, असे म्हणणे योग्य होणार नाही. बदलीनंतर दोन-तीन वर्षांत परतण्याची खात्री असेल, तर घर राखणे शहाणपणाचे; परंतु मग बदलीच्या गावी दुसरे घर विकत घेण्याऐवजी भाड्याने राहणेच अधिक सयुक्तिक. ज्यांना दोन्ही घरे हवीच आहेत, त्यांनी भाडे शून्य धरून हिशेब करावा. एकही रुपया भाडे न येता, व्याज अडीच टक्क्यांनी वाढूनही, हप्ता पगारातून देता आला पाहिजे आणि कर्ज निवृत्तीपूर्वी फिटले पाहिजे. या कसोटीस जो उतरेल, त्याने खुशाल सही करावी. जो उतरत नाही, त्याने दुसऱ्या घराच्या हौसेपायी डोक्यावरचे कर्जमुक्त छप्पर पणाला लावू नये.